खाटेपाशी हिशेब नको

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका सरकारी रुग्णालयात मी सोळा वर्षं नोकरी केली. २००३ ते २०१९. हे सांगितलं की लोक लगेच विचारतात, 'डॉक्टर की नर्स?' मी दोन्ही नव्हते. माझं काम कारकुनाचं. परदेशातून पाहुणा म्हणून आलेला कुणी रुग्णालयात दाखल झाला, की त्याच्या खाटेपाशी जायचं, कागदपत्रं बघायची आणि उपचाराचे पैसे त्याला लागू होतात का, ते ठरवायचं. लागू होत असतील तर बिलाचा अंदाज त्याच्या हातात ठेवायचा. वॉर्डात मी शिरले की काही परिचारिका तोंड फिरवायच्या. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

या कामाबद्दल आज बोलायचं कारण असं, की आपल्याकडून दरवर्षी कितीतरी आईवडील मुलांकडे इंग्लंडला जातात. कुणी नातवंडासाठी, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी. जाताना बॅगेत मेतकूट असतं, डिंकाचे लाडू असतात आणि मनात एक समजूत असते : 'तिकडे काय, दवाखाना फुकट असतो!'

ही समजूत अगदीच खोटी नाही. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. अन्यूरिन बेव्हन हे तेव्हाचे आरोग्यमंत्री. उपचाराच्या वेळी रुग्णाच्या खिशाला हात घालायचा नाही, खर्च करातून भागवायचा, हे या सेवेचं मूळ तत्त्व. परदेशी पाहुण्यांनाही का बघायचं, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. बेव्हन यांनी पाहुण्यांवरच्या उपचाराची बाजू घेतली होती. तरी १९४९ च्या कायद्यानं पाहुण्यांकडून पैसे घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मात्र तो प्रत्यक्षात वापरणारे नियम आले १९८२ मध्ये. मधली तेहतीस वर्षं तो अधिकार कागदावरच राहिला.

आजचा इंग्लंडमधला नियम थोडक्यात सांगते. तुमचा पासपोर्ट कोणता, यापेक्षा तुम्ही तिथे कायमचे राहता का, हा प्रश्न महत्त्वाचा. शिकायला किंवा नोकरीला सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणारे लोक व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरतात. २०१५ मध्ये तो वर्षाला २०० पौंड होता, फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ पौंड झाला. विद्यार्थ्यांना तो थोडा कमी असतो. हा अधिभार भरला की रुग्णालयातले उपचार इतरांसारखेच मिळतात. पाहुणे म्हणून जाणारे आईवडील हा अधिभार भरत नाहीत. त्यांना आपत्कालीन विभागातले उपचार फुकट. साध्या डॉक्टरला, म्हणजे तिथल्या जीपीला दाखवणं फुकट. क्षयरोगासारख्या संसर्गजन्य आजाराचे उपचारही फुकट. पण आपत्कालीन विभागातून वॉर्डात दाखल केलं, की त्या क्षणापासून मीटर सुरू होतो. २०१५ पासून आपल्यासारख्या देशांतल्या पाहुण्यांना ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते. ऑक्टोबर २०१७ पासून तातडीचे नसलेले उपचार हवे असतील, तर पैसे आधी भरावे लागतात.

आता तुम्हाला २०१८ च्या जानेवारीतली एक सकाळ सांगते. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या काकू, वय पासष्टच्या आसपास, लेकीच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. नात आठ दिवसांची झाली होती. रात्री काकूंच्या छातीत दुखायला लागलं. जावयानं ॲम्ब्युलन्स बोलावली. हृदयविकाराचा सौम्य झटका होता. त्यांना दाखल करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी करायचं ठरलं. सकाळी नऊ वाजता यादीत त्यांचं नाव माझ्यासमोर आलं.

मी गेले. मराठी ऐकल्यावर त्यांचा चेहरा खुलला. 'पोरी, आपल्याकडचीच की गं तू!' म्हणत त्यांनी माझा हात धरला. आता ह्या हातानं कागद कसा पुढे करायचा? पण काम होतं, केलं. 'काकू, उपचार थांबणार नाहीत. पैसे नंतर, हप्त्यानंही देता येतात,' हे मी दोनदा सांगितलं. नियमही तसाच आहे. जिवाला धोका असेल किंवा उपचारांना थांबून चालणार नसेल, तर पैशासाठी ते अडवता येत नाहीत. काय तातडीचं ते डॉक्टर ठरवतात, कारकून नाही. पण काकूंच्या कानात फक्त आकडा शिरला. त्यांनी मनातल्या मनात त्याचे रुपये केले. मग म्हणाल्या, 'उद्याची तपासणी नगं म्हणून सांग त्यास्नी. मला काय बी होत न्हाई आता.' आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, 'नातीला न्हाऊ घालाया आले आन् लेकीच्या डोईवर कर्ज ठेवून चालले.'

मी खाली येऊन हृदयरोगाच्या डॉक्टरांना गाठलं. ते गेले, बाळंतीण लेक घरून फोनवर रडली, जावयानं समजूत काढली. तेव्हा कुठे काकू तयार झाल्या. अँजिओग्राफी झाली, स्टेंट बसला, पाचव्या दिवशी त्या घरी गेल्या. बिल आठ हजार पौंडांच्या वर. त्या वेळच्या दरानं सात लाखांहून अधिक रुपये.

त्यांच्याकडे प्रवास विमा नव्हता का? होता! पण आठ वर्षं रक्तदाबाची गोळी चालू असताना फॉर्मवर 'आधीचा आजार नाही' असं लिहिलं होतं. 'लिहिलं तर हप्ता वाढतो,' असा सल्ला विमा काढून देणाऱ्यानं दिला होता. कंपनीनं दावा नाकारला. काही हजार रुपये वाचवायला गेले आणि लेक-जावई दोन वर्षं हप्ते फेडत बसले.

त्या दिवसानंतर एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. पाहुण्यानं खर्च द्यावा, या नियमाशी माझं भांडण नाही. जो समाज कर भरून रुग्णालय चालवतो, त्यानं एवढी अपेक्षा ठेवणं रास्त आहे. पिशवीत रिपोर्टांची फाइल घेऊन, ठरवून उपचारासाठीच आलेले लोकही मी पाहिले आहेत, त्यात आपलेही होते. पण हा हिशेब आजारी माणसाच्या खाटेपाशी होऊ नये. तिथे आकडा ऐकलेला माणूस पैसे देण्याआधी उपचार सोडायला तयार होतो. आणि जो बिलाला घाबरून रुग्णालयात येतच नाही, त्याची तर कुठेच नोंद होत नाही.

'अहो, पण परदेशी पाहुण्यांमुळेच तिथल्या रुग्णालयांवर ताण येतो ना?' असं मला इथे आल्यावर अनेकांनी विचारलं. तिकडची वृत्तपत्रंही असं लिहीत. आकडे बघू. सरकारी हिशेबतपासणी करणाऱ्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल २०१६ मध्ये आला. २०१५-१६ मध्ये परदेशी लोकांच्या नावे आकारलेली रक्कम होती सुमारे २८.९ कोटी पौंड, त्यातले १६.४ कोटी व्हिसाबरोबर भरलेल्या अधिभाराचे. त्या वर्षी इंग्लंडच्या आरोग्य सेवेचा खर्च १०० अब्ज पौंडांहून अधिक होता. म्हणजे हजार रुपयांतले तीन रुपयेसुद्धा धड नाहीत.

ताण मात्र खरा होता. हिवाळ्यात आमच्याकडे रुग्ण ट्रॉलीवर तासन् तास पडून असायचे. इंग्लंडमध्ये १९८७-८८ मध्ये रुग्णालयांत सुमारे तीन लाख खाटा होत्या, २०१९-२० मध्ये त्या १ लाख ४१ हजारांवर आल्या. उपचार सुधारले, रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, मनोरुग्णालयं बंद झाली, ही त्याची काही कारणं. पण त्याच काळात म्हातारी माणसं वाढली. बरे झालेले वृद्ध केवळ घरी बघायला कुणी नाही म्हणून खाट अडवून राहत. परिचारिकांच्या जागा रिकाम्या. पुढे कोविड आला. फेब्रुवारी २०२० मध्ये नियोजित उपचारांच्या प्रतीक्षा यादीत सुमारे ४६ लाख नोंदी होत्या, सप्टेंबर २०२३ मध्ये त्या ७७ लाखांवर गेल्या. ही रांग साताऱ्याच्या काकूंनी लावलेली नाही.

दुसरी अडचण, प्रश्न कुणाला विचारायचा? नियम सांगतो, सगळ्यांना सारखाच विचारा. पण घाईगर्दीत नजर जाते ती रंगाकडे, आडनावाकडे. चाळीस वर्षं तिथे राहिलेले, कारखान्यात राबलेले एक गृहस्थ माझ्यावर कडाडले होते, 'ह्या शेजारच्या खाटेवरच्या गोऱ्याला विचारलंत का?' मी विचारलं नव्हतं. माझी मान खाली गेली. २०१८ मध्येच लंडनमधलं एक प्रकरण गाजलं. वृत्तपत्रांनी 'अल्बर्ट थॉम्पसन' या टोपणनावानं लिहिलेला हा माणूस कुमारवयात जमैकाहून आला होता, चार दशकांहून अधिक काळ तिथेच राहत होता. कागद नव्हते म्हणून त्याच्याकडे कर्करोगाच्या उपचारासाठी ५४ हजार पौंड मागितले गेले. पाहुण्यांसाठी केलेला नियम घरच्या माणसावर असा उलटला.

मग आपण काय करायचं? हिशेब करायचा, पण निघण्यापूर्वी, आपल्या घरात बसून. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी विमा सक्तीचा असतो, ब्रिटनच्या पाहुणा व्हिसासाठी तो सक्तीचा नाही. त्यामुळे बरेच जण काढतच नाहीत. भारत आणि ब्रिटन यांच्यात उपचारांचा परस्पर करारही नाही. तेव्हा विमा काढाच, आणि फॉर्मवर रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, सगळं खरं लिहा. हप्ता वाढला तर वाढू दे. आधीच्या आजारासाठी पॉलिसी किती रक्कम देते, ती ओळ मुलांकडून वाचून घ्या. औषधं पुरेशी न्या, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. तिथे त्रास झाला तर बिलाच्या भीतीनं दुखणं अंगावर काढू नका. आपत्कालीन विभागात तपासून घ्यायला पैसे पडत नाहीत. दाखल व्हावं लागलं तर कार्यालयातल्या माणसाला खरं सांगा, खर्चाचा अंदाज लेखी मागा आणि हप्ते बांधून घ्या. बिलाकडे काणाडोळा मात्र करू नका. ५०० पौंड किंवा जास्त रक्कम दोन महिन्यांहून अधिक काळ थकली, तर ती माहिती गृहखात्याकडे जाते आणि पुढचा व्हिसा त्यावरून नाकारला जाऊ शकतो.

शेवटी माझंच सांगते. २०१९ मध्ये निवृत्त होऊन मी पुण्यात राहायला आले. मुलगा तिकडेच आहे. मी सोळा वर्षं तिथे नोकरी केली, कर भरला. पण आता मी तिथे राहत नाही, म्हणजे नियमानं मी पाहुणी. उद्या मुलाकडे गेले आणि दाखल व्हावं लागलं, तर माझ्या जुन्या खुर्चीवर बसणारी मुलगी माझ्या खाटेपाशी येईल आणि विचारेल, 'आपण इथेच राहता का?' मी तिला खरं उत्तर देईन. विम्याचा कागद उशाशी असेल. त्यावर माझा मधुमेह लिहिलेला आहे. हप्ता जरा जास्त बसला, पण उद्याची तपासणी नको, असं म्हणायची वेळ माझ्यावर येणार नाही.