गुरुवारची संध्याकाळ

(कार्यकर्ती मेळाव्यातील ‘फुरसत कोणाची?’ या सत्रात केलेले भाषण)



सुरुवात एका खोटेपणाच्या कबुलीने करते. दीड वर्षापूर्वीपर्यंत दर गुरुवारी संध्याकाळी मी घरी सांगायची, “मीटिंग आहे.” वस्तीतल्या बायका विचारायच्या, “ताई, आज लवकर निघालात?” त्यांनाही तेच उत्तर. मीटिंग कसली नसायचीच. मी आमच्या उपनगरातल्या एका लाउंजमध्ये जॅझ ऐकायला जात होते.

हसलात, बरं वाटलं. पण विचार करा. मी एमएसडब्ल्यू झालेली बाई. कौटुंबिक सल्ला केंद्रात रोज बायकांना सांगते, घरात आपलं म्हणणं मोकळेपणाने मांडा. आणि ‘मी गाणं ऐकायला जातेय’ एवढं म्हणायला माझीच जीभ रेटत नव्हती. नवरा अडवणारा नाही, सासूबाईही समंजस आहेत. तरी नाही.

कारण बाईला घराबाहेर पडायला कारण लागतं. नोकरी, दवाखाना, भाजी, मुलांची शाळा, देवदर्शन, कुणाचं आजारपण. चळवळीने या यादीत मोर्चा आणि मीटिंग यांची भर घातली. पण ‘मला बरं वाटतं म्हणून’ हे कारण अजून यादीत आलेलं नाही. मंगळागौरीला बायका रात्र जागवतात, झिम्मा-फुगड्या घालतात. पण ती रात्रसुद्धा सौभाग्याच्या नावाने मागून घेतलेली.

पहिल्यांदा एका मैत्रिणीबरोबर गेले. पुढच्या गुरुवारी एकटीच. दारातल्या मुलाने विचारलं, “मॅडम, अजून कोणी येणार आहे?” नाही म्हटल्यावर त्याने मला स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल दिलं. तासाभरात वेटरने दोनदा विचारलं, “सर येतायत का?” चार आठवडे पर्स मांडीवर घट्ट धरून त्याच कोपऱ्यात बसले. पाचव्या आठवड्यात वाद्यांसमोरचं टेबल मागून घेतलं. एक लाइम सोडा मागवते आणि तो शेवटपर्यंत पुरवते!

पियानो, सॅक्सोफोन, डबल बास आणि ड्रम असा चौघांचा संच असतो. कधी कधी एक गायिका येते. मी अभंग आणि रेडिओ ऐकत वाढलेली, त्यामुळे सुरुवातीला काही कळत नसे. हळूहळू रीत लक्षात आली. आधी सगळे मिळून चाल वाजवतात. मग एकेकाची पाळी येते. ज्याची पाळी, तो त्या चालीच्या चौकटीत त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. त्या वेळी बाकीचे सहसा गप्प बसत नाहीत, ताल आणि सूर धरून ठेवतात, त्याला पडू देत नाहीत. त्याचं झालं की टाळ्या, मग पुढची पाळी. शेवटी सगळे पुन्हा मूळ चालीवर येतात. आपल्या किती बैठकांत असं घडतं? एक बोलत असताना बाकीच्या तिला तोलून धरतात की घड्याळाकडे पाहतात?

हे संगीत अमेरिकेत न्यू ऑर्लीन्समध्ये, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या मुला-नातवंडांनी घडवलं. मुंबईलाही ते नवं नाही. 1935 साली लिऑन अॅबे यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. गोव्याच्या वादकांनी हे संगीत आपलंसं केलं आणि त्यातले पुष्कळजण हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. चर्चगेटच्या ‘व्हेनिस’मध्ये ख्रिस पेरींच्या संचाबरोबर लोर्ना कोर्देरो गात असत.

पण अशा ठिकाणी बाईने उभं राहायचं, ते कुणाच्या परवानगीने? न्यूयॉर्कमध्ये एके काळी दारू मिळणाऱ्या क्लबात गायला-वाजवायला पोलिसांचं कार्ड लागे, पुरुषांनाही. 1947 साली बिली हॉलिडे यांना अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगवास झाला आणि त्यांचं कार्ड गेलं. 1948 साली कार्नेगी हॉलमध्ये लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण ज्या क्लबांत त्यांचं पोट होतं, त्यांचे दरवाजे बंद.

आपल्याकडे पाहा. 2005 साली महाराष्ट्र सरकारने डान्स बारवर बंदी आणली. तेव्हा मी शाळेत होते. तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं बंदीतून वगळली होती. म्हणजे पैसेवाल्यांसमोर नाचली तर मनोरंजन आणि साध्या बारमध्ये नाचली तर नीतिभ्रष्टता! स्त्री-संघटनांतही यावर दोन मतं होती, हे आपण विसरू नये. उच्च न्यायालयाने 2006 साली बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली तो निर्णय कायम केला. मधल्या वर्षांत हजारो बायकांची रोजी गेली ती गेलीच.

मी बसते त्या लाउंजमधल्या गायिकेला लोक ‘आर्टिस्ट’ म्हणतात. तो मान तिला मिळायलाच हवा. पण ती मध्यंतरात मला म्हणाली, “गायची भीती नाही वाटत. परतीच्या रिक्षाची वाटते.”

आता त्या स्वयंपाकघराच्या दाराची गोष्ट. चौथ्या गुरुवारी ते दार उघडलं आणि हातात ताटल्यांचा ढीग घेतलेली एक बाई समोर आली. आमच्याच बचत गटातली. तिथे ती संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत भांडी घासते. माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, तुमची मीटिंग इथं असते व्हय?”

जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. ती रागावली नव्हती, हसत होती. तेच जास्त लागलं. मी सोड्याला मोजते ते पैसे तिला कमवायला किती तास लागत असतील, याचा हिशेब मी त्या रात्री पहिल्यांदा केला. घरी जाऊन खरं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “एवढंच ना? मला वाटलं, काय झालंय!”

पुढच्या बैठकीत बायकांनाही खरं सांगितलं आणि विचारलं, गेल्या आठवड्यात फक्त स्वतःसाठी घालवलेला एक तास आठवा. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, लोकलमध्ये खिडकी मिळाली तेव्हा. दुसरी म्हणाली, ताप आला म्हणून झोपले तेव्हा. भांडी घासणारी म्हणाली, “गुरुवारी त्या मोठ्या वाद्याचा आवाज भिंतीतनं येतो. नळ बंद केला की ऐकू येतो.”

तेव्हा कळलं, माझं गुरुवारचं गाणं सोडून देऊन तिला काही मिळणार नव्हतं. तिला आठवड्याची सुट्टीच नव्हती. कायद्याने ठरवलेल्या संख्येइतके किंवा अधिक कामगार असतील तिथे आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी द्यावीच लागते, असं महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो. तिच्याबरोबर आम्ही पाचजणी मालकाकडे गेलो. दोन चकरा झाल्या, तिसऱ्या वेळी सुट्टी मिळाली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. फुरसत ही काम संपल्यावर उरलेली शिळी भाकरी नाही. आपल्या मागण्यांच्या यादीत पगारी सुट्टी, पाळणाघर, रात्रीची बस आणि स्वच्छ मुतारी यांच्याबरोबर तीही लिहा. आणि आपल्यापैकी जिला ती मिळते, तिने ती लपवू नये. आपण लपवली, की दुसरीला ती मागायची लाज वाटते.

तिला सुट्टी मिळाली ती सोमवारची. गुरुवारी गर्दी असते म्हणून मालक सोडत नाही. त्यामुळे वाद्यांसमोर बसून तिने अजून ते संगीत ऐकलेलं नाही. ते भांडण बाकी आहे. परवा मी विचारलं, “सोमवारी काय करतेस?”

म्हणाली, “समुद्रावर जाऊन बसते. एकटीच. घरी सांगून.”