रुग्णशय्येवरील बालक आणि विदूषक



रुग्णालयात ताप मोजताना, सुई टोचताना, पट्टी बदलताना बालकाची अनुमती सहसा कोणी घेत नाही. जर्मनीतील बालरुग्ण विभागात येणारा लाल नाकाचा विदूषक मात्र दारातच थबकतो आणि ‘आत येऊ का?’ असे विचारतो. बालकाने नकारार्थी मान हलविली, तर तो निमूटपणे परत फिरतो. त्याच्या विनोदाहूनही बालकाला लाभलेला हा अधिकार मला अधिक मोलाचा वाटतो.

1986 साली न्यूयॉर्कमध्ये बिग ॲपल सर्कशीच्या मायकेल ख्रिस्तेन्सन यांनी हा उपक्रम आरंभिला. पुढील दशकात तो जर्मनीत रुजला. 2008 साली डॉ. एकार्ट फॉन हिर्शहाउझेन यांनी त्यासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. हास्याने व्याधी नाहीशी होते, असे मी म्हणणार नाही. परंतु बालकाची चिंता कमी होते, असे 2020 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या 24 चाचण्यांच्या आढाव्यात दिसून आले.

सुई टोचताना मुलांना साबणाचे फुगे उडवावयास देतात. मोठा फुगा हवा, तर श्वास संथपणे सोडावाच लागतो आणि आखडलेले अंग सैलावते. आपल्या आनापानसतीचे हे धाकटे भावंडच!

विदूषकाला भाषा लागत नाही, परिचारिकेला लागते. घरी मराठी बोलणारे लहान मूल वेदनेत मराठीतच विव्हळते. म्हणून पालकांनी भरतीच्या दिवशीच ‘दुखते’, ‘भीती वाटते’, ‘तहान लागली’, ‘आई हवी’ हे शब्द रोमन लिपीत, जर्मन अर्थासह लिहून परिचारिकेच्या हाती द्यावेत.