आकार नसलेलं चित्र
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘आयटीतलं काहीतरी सांग’ असं मला सुचवलं होतं. मी चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याविषयी बोलणार आहे. आयटी मधेच कुठेतरी येईल.

गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, पुढे दिल्लीत राहिले. त्यांच्या गाजलेल्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, क्षितिजसुद्धा धड नाही. धुक्यातून काहीतरी वर येतंय असं वाटतं आणि त्याला नाव द्यायला जावं तर निसटतं.

आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेली मंडळी. आधी बाह्यरेषा, मग छायाप्रकाश, असं आपल्या हातात बसलेलं. त्यामुळे ‘हे तर कुणीही काढेल’ असं वाटणं साहजिक आहे. (लिलावातले कोटींचे आकडे ऐकले की जास्तच!) पण करून बघा. ते रोलरने आणि पॅलेट नाइफने रंग लावायचे, खरवडायचे, पुन्हा लावायचे. कागदाचे रंगवलेले तुकडे कॅनव्हासवर दाबून उमटवायचे. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं व्हायची.

आता आयटी. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा. साधारणपणे प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या. म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग. तरीही गडद रंग हळूहळू उजळत जातो तिथे पडद्यावर पट्टे दिसतात. ते लपवायला आम्ही मुद्दाम बारीक दाणे मिसळतो, थोडी गडबड करतो म्हणा ना. पण थरांचं काय करणार? कॅनव्हासवर वरच्या पातळ रंगातून खालचा रंग दिसतो, आणि तुम्ही एक पाऊल सरकलात की उजेड बदलतो. ठिपक्याला खाली काही नसतंच. म्हणून फोनवर गायतोंडे पाहिले तर ओल आलेली भिंत दिसते.

हे सांगायचं कारण आपला बॅचचा निधी. चित्रकलेच्या खोलीत संगणक कक्ष करावा, असं चाललंय. वीस वर्षं संगणकावरच माझं घर चालतंय, तरी माझा त्याला विरोध आहे. कक्ष जरूर करा, पण त्या खोलीत नको. मशीन पाच-सात वर्षांत जुनी होतील, आणि तेव्हा चित्रकलेची खोली कुणी परत देणार नाही. ज्याचं उत्तर मागच्या पानावर नाही अशा गोष्टीकडे मुलं शाळेत आणखी कुठे बघत बसतात?

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे आहेत. चित्रं बदलत असतात, तेव्हा आधी फोन करून विचारायचं. निधीतून एक बस ठरवू आणि नववीची मुलं नेऊ. आपले चित्रकलेचे सर येतो म्हणालेत. पहिले पाच हजार माझे. वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे.