इतवारीतील श्वान आणि त्यांचे धनी

नागपुरात इतवारीच्या सराफा ओळीत, जेथे दुकानाची पायरी आणि रस्ता यांत हातभरही अंतर उरत नाही, तेथे कुत्रे फिरविणाऱ्या गृहस्थाने साखळी आखूड धरावी, पायरीवरील गिऱ्हाइकाच्या वस्त्रास कुत्र्याचे नाक लागू देऊ नये, आणि त्याने केलेली घाण कागदाने उचलूनच पुढे जावे. ‘मुक्या जनावराला काय कळते’ ही सबब धन्याला शोभत नाही. परवाना व रेबीजची लस ओघाने आलीच. भटक्या कुत्र्यांना वाटेतच पोळ्या टाकणाऱ्या भूतदयाळू मंडळींना मात्र सांगावयास हवे की, ज्या प्रश्नावर २०२२ साली नागपूर खंडपीठापुढे वाद गाजला, त्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी, प्रत्येक प्रभागात स्वतंत्र जागा नेमण्याचा हुकूम देऊन, रस्त्यावर खाऊ घालण्यास मनाई केली आहे. पुण्य जोडावे, पण नेमल्या जागी, एवढीच विनंती.