अर्धे इग्लू

कॅनडातील टोरांटो शहरी १९१६ साली एका मनुष्याच्या हातून पेटती सिगारेट निसटली आणि पाहता पाहता तीस हजार फूट फिल्म भस्मसात झाली. त्या काळची कचकड्याची फिल्म दारूसारखी पेट घेत असे. हडसन उपसागराच्या काठी हिमवादळे सोसून टिपलेले सारे मूळ चित्रण त्या आगीत गेले आणि तो स्वतःही भाजून रुग्णालयात जाऊन पडला. त्या मनुष्याचे नाव रॉबर्ट फ्लॅहर्टी. ज्या कलाप्रकाराला आपण अनुबोधपट म्हणतो, त्याचा जनक म्हणून पुढे ज्याचे नाव घेतले गेले, त्याच्या चित्रजीवनाचा आरंभ हा असा राखेतून झाला.

फ्लॅहर्टीचा जन्म १८८४ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. वडील खाणीतील अभियंता. त्यांच्याबरोबर हा मुलगा खाणींच्या वसाहतींतून हिंडला आणि पुस्तकांपेक्षा वाटाड्यांच्या संगतीत अधिक शिकला. कॅनडातील रेल्वे-उद्योजक सर विल्यम मॅकेंझी यांनी १९१० साली त्याला हडसन उपसागराकडे लोखंडाच्या शोधार्थ पाठवले. चार मोहिमा झाल्या. नाव घेण्याजोगे लोखंड हाती लागले नाही. पण बेल्चर बेटांचा नकाशा त्याने तयार केला आणि त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाला आजही त्याचे नाव आहे. १९१३ साली निघताना मॅकेंझी यांच्याच सूचनेवरून त्याने एक कॅमेरा बरोबर घेतला आणि तो चालविण्याचे शिक्षण जेमतेम तीन आठवडे घेतले.

आगीतून त्या चित्रणाची एक प्रत वाचली होती. ती त्याने पुन्हा पुन्हा पाहिली आणि त्याच्या ध्यानात आले की जळाले ते फारसे चांगले नव्हतेच. येथे एक शिकार, तेथे एक घसरगाडी. कशाचा कशाशी धागा नाही. मग त्याने ठरविले की एकच मनुष्य, त्याचे एकच कुटुंब घ्यावे आणि त्यांच्या जगण्यातून साऱ्या जमातीचे जगणे दाखवावे. रेव्हियाँ फ्रेर या लोकरी कातड्यांच्या फ्रेंच व्यापारी पेढीने पैसा पुरवला आणि १९२० च्या उन्हाळ्यात तो इनुकजुआक या किनाऱ्यावरील ठाण्यावर पोहोचला. तेथील इन्युइट लोकांना त्या काळी सारे जग एस्किमो म्हणत असे.

वर्षभर चाललेल्या त्या कामाची हकीकत चित्रपटाइतकीच मनोवेधक आहे. फिल्म धुण्याची आणि छापण्याची सारी सामग्री त्याने बरोबर नेली होती. यंत्राच्या विजेचा प्रकाश स्थिर राहीना, तेव्हा झोपडीच्या खिडकीला फिल्मच्या चौकटीएवढी फट ठेवून त्याने सूर्यप्रकाशावर प्रती छापल्या. धुण्यासाठी पाणी हवे, तर बर्फाला भोक पाडून ते उपसावे लागे आणि त्यात उतरलेले कातडी पोशाखांचे केस गाळून काढावे लागत. प्रत तयार झाली की तो ती गावकऱ्यांना दाखवी. वॉलरस हा लांब सुळ्यांचा प्रचंड सागरी प्राणी. त्याच्या शिकारीचे दृश्य पडद्यावर आले तेव्हा मंडळी आसनांवरून उठून, धरा, सोडू नका, असे ओरडू लागली. आपण काय काढीत आहोत हे त्या लोकांना पुरते उमगले आणि तेथून पुढे ते नुसते नट न राहता सहकारी झाले.

आता या चित्रपटातील इग्लूविषयी. कॅमेरा आत मावेल एवढे मोठे हिमगृह बांधताना घुमट कोसळू लागले. अखेर एक उभे राहिले, तर बर्फाच्या तावदानांतून पुरेसा प्रकाश येईना. तेव्हा अर्धा घुमट कापून टाकण्यात आला. पडद्यावर जे कुटुंब उबदार घरात निजताना आणि जागे होताना दिसते, ते वस्तुतः उघड्यावर, बोचऱ्या थंडीत कपडे उतरवीत होते. नानूक हे नावही चित्रपटापुरतेच. नायकाचे खरे नाव अल्लाकारिआल्लाक. पडद्यावरील पत्नी त्याची पत्नी नव्हती. बंदूक त्या प्रदेशात येऊन बराच काळ लोटला होता. तरी फ्लॅहर्टीच्या आग्रहास्तव शिकार जुन्या पद्धतीने, हातातील भाल्याने झाली. ग्रामोफोनची तबकडी चावून पाहणारा अजाण नानूक पाहून प्रेक्षक हसतात, पण ग्रामोफोन त्या मनुष्याला चांगला ठाऊक होता.

याला लबाडी म्हणावे काय? आपल्याकडे समारंभाच्या दिवशी नातवाच्या डोक्यावर आजोबांची पगडी ठेवून छायाचित्र काढण्याची हौस असते. ते छायाचित्र खोटे नसते. उलट त्यात एक प्रकारची कृतज्ञता असते. मात्र त्याखाली, हा मुलगा नित्य पगडी घालतो, असे कोणी लिहिले तर ते असत्य ठरेल. फ्लॅहर्टीला इतिहास हवा होता. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या संसर्गाने हे लोक पालटण्यापूर्वीचे त्यांचे रूप त्याला टिपायचे होते आणि ते टिपण्यास तो एका पिढीने उशिरा पोहोचला होता. म्हणून त्याने नातवांना आजोबा होण्यास सांगितले. दोष आहे तो पडद्यावर हे न सांगण्याचा. ग्रामोफोनच्या दृश्याला मात्र कृतज्ञतेची सबब लागू पडत नाही. तेथे मनुष्य अजाण दाखविला आहे, आणि तोही हसण्यासाठी.

११ जून १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल चित्रगृहात ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ झळकला आणि जगभर गेला. दोनएक वर्षांत अल्लाकारिआल्लाक मरण पावला. शिकारीस गेला असता उपासमारीने गेला, असे फ्लॅहर्टी सांगे. पुढील अभ्यासकांचा कल क्षयाकडे आहे.

पुढचे प्रवास याच वाटेने झाले. दक्षिण समुद्रातील सामोआत त्याने ‘मोआना’ काढला आणि लोपत चाललेला गोंदण्याचा वेदनामय विधी एका तरुणाच्या अंगावर प्रत्यक्ष करविला. या चित्रपटाविषयी १९२६ साली लिहिताना जॉन ग्रिअर्सन या टीकाकाराने जो इंग्रजी शब्द योजला, त्यावरूनच या कलाप्रकाराला जगभर नाव मिळाले. आयर्लंडच्या पश्चिमेकडील ॲरन बेटांवरील ‘मॅन ऑफ ॲरन’ १९३४ चा. उघड्या खडकावर वाळू आणि समुद्रशेवाळ पसरून बटाट्यापुरती माती तयार करणारी तेथील माणसे पाहून मन स्तिमित होते. आणि हे दृश्य बनावट नव्हे. दिव्याच्या तेलासाठी होणारी शार्कची शिकार मात्र तेथे कधीच बंद पडली होती, ती बेटकऱ्यांना नव्याने शिकवावी लागली. वादळात नाव हाकण्यासाठी त्याने लोकांना समुद्रात उतरविले, ते त्यांच्या जिवावर बेतण्याजोगे होते हे त्याने स्वतःच पुढे कबूल केले. जमीनदारीच्या ज्या जाचाने ही बेटे पिचली, त्याचा त्या चित्रपटात उच्चारही नाही.

१९३५ साली तो हिंदुस्थानात आला. किपलिंगच्या कथेवरील ‘एलिफंट बॉय’साठी म्हैसूर संस्थानात मुक्काम पडला आणि महाराजांच्या हत्तीखान्यात साबू नावाचा माहुताचा पोरका मुलगा सापडला. त्याने नायकाची भूमिका केली आणि पुढे तो हॉलिवूडचा नट झाला. फ्लॅहर्टीच्या संथ पद्धतीला निर्माते कंटाळले. उरलेला भाग इंग्लंडातील चित्रशाळेत झोल्टन कोर्डा याने पुरा केला आणि सांधे स्पष्ट दिसतात. तरीही म्हैसूरच्या अरण्यातील हत्ती पाहताना कॅमेऱ्यामागे कोण होता हे लपत नाही. १९४८ च्या ‘लुइझियाना स्टोरी’ला पैसा एका तेल कंपनीने दिला. १९५१ साली तो निवर्तला.

एक गोष्ट त्याच्या कोणत्याही चित्रपटात आली नाही. पडद्यावर नायला झालेल्या मॅगीला त्याच्यापासून एक मुलगा झाला. १९२१ च्या अखेरीस तो जन्मला, तेव्हा फ्लॅहर्टी केव्हाच परतला होता. पुढे तो इनुकजुआकला कधी गेला नाही. मुलाचे नाव जोसेफी. १९५३ साली कॅनडाच्या शासनाने इनुकजुआकची काही कुटुंबे सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेस, जेथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही अशा प्रदेशात नेऊन वसविली. तेथे शिकार विपुल आहे आणि दोन वर्षांनी परत येता येईल, असे त्यांना सांगण्यात आले होते. १९५५ साली जोसेफी आपल्या बायकामुलांसह तेथे गेला. परत आणण्याचे वचन पाळले गेले नाही. पुढे त्याच्या मुलीने चौकशी आयोगापुढे साक्ष दिली आणि २०१० साली शासनाने जाहीर क्षमा मागितली.

१९९० च्या सुमारास एका फ्रेंच दिग्दर्शकाने ‘नानूक’ची प्रत इनुकजुआकला नेऊन गावकऱ्यांना दाखवली. सीलशी चाललेली नानूकची झटापट पाहून ते हसू लागले. दोरीच्या दुसऱ्या टोकाला सील नव्हता, हे त्यांना माहीत होते. पण कातडी नाव, कुत्र्यांची घसरगाडी आणि हिमाचे ठोकळे कापणारा नानूकचा हात पडद्यावर येताच जुनी माणसे एकमेकांना बोटाने दाखवून, ही कोण, तो कोणाचा, हे सांगू लागली.