आपली अडचण, आपलाच धंदा

आज वाराणसीहून बोलतोय. "स्टार्टअप करायचंय, पण आयडिया सुचत नाही," असं बरेच जण म्हणतात. आधी स्वतःची रोजची अडचण बघा.

२००५ ची दिवाळी. फणींद्र सामा हा इंजिनिअर बंगळुरूत नोकरीला होता. घरी जायला बसचं तिकीट मिळेना. सणासुदीला असं अनेकांचं होतं. आपण चरफडतो आणि विसरतो. त्यानं ट्रॅव्हल एजंटांकडे जाऊन कारण शोधलं. कोणत्या बसमध्ये किती जागा रिकाम्या, हे एका जागी कुणालाच दिसत नव्हतं, सगळी फोनाफोनी. त्यातूनच २००६ मध्ये मित्रांसोबत रेडबस सुरू झाली.

आता काशी बघा. जुन्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. ब्रह्माघाटाजवळ पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. तिथल्या एखाद्या आजीला दवाखान्यात कसं न्यायचं? पायऱ्या किती, वळण कुठे, आजी कशावर नीट बसेल, हे त्या घरातल्या नातवाइतकं कुणाला कळणार?

पण आपली गरज म्हणजे लगेच धंदा नव्हे. गल्लीतल्या दहा घरांना विचारा: आज तुम्ही काय करता? त्याला किती खर्च येतो? "छान कल्पना आहे" यावर हुरळून जाऊ नका. समोरच्याचा हात खिशात गेला, तरच ते उत्तर खरं.

आज रात्री वही घ्या. दिवसभरात कुठे कुठे अडलात, तेवढंच लिहा. आठवडाभर लिहा. जे पुन्हा पुन्हा येईल, तिथून सुरुवात करा.