मग बघू
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माझी ओळख 'पुण्यातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअर' अशी करून दिली गेली. पण समोर बसलेल्या निम्म्या लोकांना मी 'गॅदरिंगला गाणारी' म्हणूनच आठवते, हे सकाळी चहाच्या रांगेत कळलं. जो भेटला त्यानं विचारलं, "गाणं सोडलंस का गं?" म्हणून 'माझी वाटचाल' हा दिलेला विषय बाजूला ठेवते आणि या एकाच प्रश्नाचं उत्तर देते.

आपण १९९६ ला दहावी झालो. संगीताचा तास कोपऱ्यातल्या खोलीत व्हायचा. सरांनी माझी पट्टी ठरवून दिली, काळी चार. मग घरी येऊन बाबांना म्हणाले, "मुलीला पेटी घेऊन द्या." बाबांनी जुनी पेटी घेतली, पैसे तीन हप्त्यांत दिले. मार्गशीर्षात योगेश्वरीच्या नवरात्रात मी भजनं म्हणायचे आणि घरी आल्यावर टीव्हीसमोर बसायचे. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं होतं. आरशासमोर कंगवा धरून मी तेही गायले आहे. इथल्या दोन मैत्रिणी साक्षीदार आहेत, त्यांनी आज तोंड उघडू नये!

मला गायिका व्हायचं होतं. बाबा म्हणाले, "दहावी होऊ दे, मग बघू." मग बारावी आली. मग इंजिनिअरिंगला तेव्हाच्या औरंगाबादला गेले. पहिल्या दिवाळीला घरी आले तर कोपऱ्यात पेटी नव्हती. बाबांनी ती मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाला देऊन टाकली होती. "नुसती धूळ खात होती," एवढंच म्हणाले. मी भांडले नाही, पण विसरलेही नाही. माझं करिअर त्या पेटीबरोबर गेलं, असं मी कितीतरी वर्षं मनात धरून होते.

आता वय वाढल्यावर थोडं वेगळं दिसतं. आमच्या क्षेत्रात शंकर महादेवनचं उदाहरण नेहमी देतात. कॉम्प्युटर इंजिनिअर झाला, सॉफ्टवेअर कंपनीत होता, सोडून गायक झाला आणि १९९८ च्या 'ब्रेथलेस'नं घराघरात पोचला. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. पाचव्या वर्षापासून वीणा आणि पुढे श्रीनिवास खळ्यांकडे शिकणं, हा भाग आपण गाळतो.

आपल्या शेजारच्या लातूरचा रोहित राऊत घ्या. २००८-०९ च्या मराठी 'लिटल चॅम्प्स'मध्ये तो लहान मुलगा होता. 'इंडियन आयडल'च्या अंतिम फेरीत पोचला तो २०२० मध्ये. मधल्या दहा-अकरा वर्षांत पुन्हा पुन्हा परीक्षेला उभं राहणं आलं. त्या कष्टांना माझा मनापासून नमस्कार आहे.

आणि अरेथा फ्रँकलिन. सोल संगीताची सम्राज्ञीच म्हणतात तिला. धर्मोपदेशकाची मुलगी, चर्चमध्ये गाऊन मोठी झालेली. आपल्याकडे कीर्तनकाराच्या घरची मुलगी असते तशी. पियानो ती कानानं ऐकून शिकली. पहिल्या कंपनीत पाच-सहा वर्षं गाऊनही तिला म्हणावं तसं यश मिळालं नाही. दुसऱ्या कंपनीत तिला स्वतः पियानोवर बसून तिच्या पद्धतीनं गाऊ दिलं, आणि १९६७ मध्ये 'रिस्पेक्ट' जगभर वाजलं.

हे सगळं वाचल्यावर मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, एवढं सगळं मला हवं होतं का? उत्तर आलं, नाही. मला टाळ्या हव्या होत्या आणि सूर हवा होता. टाळ्यांशिवाय माझं चाललं. सुराशिवाय चाललं नाही.

२०१८ च्या सुमारास माझी झोप उडाली होती. रात्री दोनला सर्व्हर बंद पडल्याचा फोन यायचा, तो सुरू झाला तरी डोकं सुरूच राहायचं. तेव्हा मी डिजिटल पियानो घेतला. ८८ पट्ट्या, कानाला हेडफोन, शेजाऱ्यांना त्रास नाही. पेटीत डावा हात भात्यावर अडकलेला असतो, इथे दोन्ही हातांना काम. पेटीचा सूर भाता चालू असेपर्यंत टिकतो, पियानोचा मात्र वाजला की विरत जातो. त्याला धरून ठेवता येत नाही, ऐकून सोडून द्यावा लागतो. मला त्याचाच उपयोग झाला. मी काही फार चांगलं वाजवत नाही. रोज वीस मिनिटं बसते. पण झोप परत आली.

बाबा एकदा पुण्याला आले होते. मी वाजवत असताना बराच वेळ मागे उभे होते. मग म्हणाले, "यावर आपलं भजन येतं का गं?" पाच मिनिटांत माझी मीटिंग होती. मी म्हणाले, "येतं बाबा. मग बघू." त्यानंतर चार महिन्यांत ते गेले.

त्यांचं 'मग बघू' मी वीस वर्षं मोजलं. माझं स्वतःचं मला ते गेल्यावर ऐकू आलं.

काल संध्याकाळी मी मारुतीच्या देवळात गेले. पेटी तिथेच आहे. भात्याला ठिगळ आहे, एक काळी पट्टी अडकते, पण दर शनिवारी वाजते. माझ्याकडे राहिली असती तर माळ्यावर गेली असती, हे मला मान्य करावं लागलं. मंडळातल्या काकांनी ती माझ्यापुढे सरकवली. बाबांनी विचारलेलं भजन मी वाजवलं. उशीर झाला होता, तरी वाजवलं.

तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. करिअर सुटलं, त्याचं आता दुःख नाही. गाणं मी मधली वीस वर्षं विनाकारण सोडलं होतं, त्याचं आहे. ज्यांची मुलं गायला बसतात, त्यांनी त्यांना स्पर्धेला पाठवायचं की नाही हे खुशाल नंतर ठरवावं. पण आज ती गात असतील तर आजच पाच मिनिटं बसून ऐका.

आणि सर, तुम्ही समोर आहात म्हणून एक विनंती. जेवणं झाल्यावर कोपऱ्यातली ती खोली उघडून घेऊ या. माझी काळी चार आता राहिली नाही, काळी तीनवर आले आहे. पेटी मात्र तुम्हीच धरायची.